फरकाचे पैसे

२०११ ते २०१८ या काळात ब्रिटनमध्ये राहिलेल्या कुणालाही विचारून बघा. सुपरमार्केटात बिल झालं की पावतीमागोमाग आणखी एक चिठ्ठी हातात यायची, ती आठवते का? तिचा मथितार्थ साधारण असा : आजचा तुमचा किराणा अमुक दुकानात एक पौंड चाळीस पेन्सनी स्वस्त पडला असता. हे घ्या तेवढ्या रकमेचं कुपन. पुढच्या खेपेला वापरा.

म्हणजे दुकानदार स्वतःच कबूल करतोय की शेजारच्याकडे स्वस्त आहे, आणि वर फरकाचे पैसेही देतोय. मी २०१२ च्या सप्टेंबरात आर्थिक इतिहासात एम. ए. करायला लीड्सला गेले, तेव्हा घरच्या वाण्याकडची उधारीची वही एवढाच माझा किराण्याचा अनुभव होता. त्यामुळे ही चिठ्ठी मला चमत्कारिक वाटली. शेजारी स्वस्त आहे हे यांना माहीत आहे, फरक द्यायचीही तयारी आहे, तर मग हे लोक फळीवरची किंमतच कमी का करत नाहीत?

प्रश्न बाळबोध आहे. पण त्याचं उत्तर शोधायला १८४४ पर्यंत मागे जावं लागतं.

विणकरांचं दुकान

मँचेस्टरच्या उत्तरेला रॉचडेल नावाचं गिरण्यांचं गाव आहे. २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी तिथल्या टोड लेनमध्ये एक दुकान उघडलं. मालक २८, बहुतेक विणकर आणि कारागीर. भांडवल २८ पौंड. माल म्हणजे थोडं लोणी, साखर, पीठ आणि ओटचं भरड पीठ. तेव्हाच्या दुकानांत भेसळ सर्रास चाले, माप मारलं जाई, आणि उधारीमुळे गिऱ्हाईक एकाच दुकानाला बांधलेलं राही. या मंडळींनी शुद्ध माल, पुरं माप आणि रोखीचा व्यवहार एवढं ठरवलं.

त्यांचं खरं वैशिष्ट्य नफ्याच्या वाटणीत होतं. माल बाजारभावानेच विकायचा, आणि ठरावीक मुदतीनंतर जो नफा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांना परत द्यायचा. याला नाव पडलं ‘डिव्ही’, डिव्हिडंडचं बोलीतलं लाडकं रूप. पुढे गावोगाव सहकारी दुकानं निघाली. प्रत्येक सभासदाला एक क्रमांक असे आणि पोरंटोरं दुकानात गेली की तो घडाघडा सांगत. डिव्हीचे पैसे आले की मुलांचे बूट, हिवाळ्याचे कपडे अशी खरेदी होई.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवू. एक, पैसे आत्ता देण्याऐवजी नंतर परत देण्याची युक्ती किराण्यात इतकी जुनी आहे. दोन, रॉचडेलमध्ये ते पैसे परत मिळायचे कारण दुकान तुमचंच होतं; कुणी उपकार करत नव्हतं. अर्थात रोखीच्या अटीमुळे ज्याच्या खिशात शनिवारपर्यंत काही उरत नसे, तो गरीब बाहेरच राहिला. स्वस्ताईच्या प्रत्येक योजनेच्या दारात कुणीतरी असं बाहेर उभं असतं.

किंमत कमी करायला बंदी

आपल्याकडे पाकिटावर कमाल किंमत छापलेली असते. त्याहून जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला कुणाची ना नाही. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेमकं उलट होतं. कारखानदार किरकोळ किंमत ठरवून देई आणि दुकानदाराने त्याखाली विकलं तर त्याचा माल बंद करी. लहान दुकानं टिकावीत, हे त्यामागचं समर्थन.

या भिंतीला धडका मारणाऱ्यांत पुढे होता जॅक कोहेन. १९१९ मध्ये पूर्व लंडनच्या बाजारात हातगाडीवर विक्री सुरू करून त्याने टेस्को उभी केली. ढीग लावा आणि स्वस्तात विका, ही त्याची रीत. किराण्यातला हा नियम तसा आधीच खिळखिळा झाला होता. पण कायद्याने तो मोडला १९६४ मध्ये, एडवर्ड हीथ व्यापारमंत्री असताना. स्वपक्षाच्याच खासदारांचा विरोध इतका होता की एका दुरुस्तीच्या वेळी सरकारचं बहुमत अवघ्या एका मतावर आलं. औषधांना सवलत मिळाली ती २००१ पर्यंत टिकली. तीही उठली ॲस्डाने लढा दिल्यावर.

किमतीची लढाई अशी अडलेली असताना दुकानदारांनी दुसरा रस्ता शोधला होता : तिकिटं. रिचर्ड टॉम्पकिन्सने १९५८ मध्ये ‘ग्रीन शील्ड स्टॅम्प्स’ काढली. खरेदीच्या प्रमाणात हिरवी तिकिटं मिळायची. ती घरी नेऊन, जिभेने ओली करून, वहीत चिकटवायची. वह्या भरल्या की बदल्यात किटली, चादर, घड्याळ. टेस्को १९६३ मध्ये यात उतरली. सेन्सबरी घराण्याने मात्र कडाडून विरोध केला : तिकिटांचा खर्च शेवटी किमतीतच चढतो, असं त्यांचं म्हणणं. १९६४ मध्ये संसदेने तिकिटांसाठीही कायदा केला. प्रत्येक तिकिटावर त्याची रोख किंमत छापायची आणि कुणी मागितली तर ती रोख द्यायची.

१९७७ मध्ये टेस्कोने तिकिटं बंद केली आणि वाचलेला पैसा थेट किमती उतरवायला वापरला. ‘ऑपरेशन चेकआउट’ या नावाने ही मोहीम गाजली. तिकिटं चिकटवण्याचं काम गेलं, किंमत खाली आली, गर्दी उसळली. एका पुराव्यानिशी माझ्या बाळबोध प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं : किंमत कमी करता येते, दुकानाच्या मनात आलं तर.

टॉम्पकिन्सने तिकिटांच्या बदल्यात वस्तू देणारी आपली दुकानं वापरून १९७३ मध्ये रोखीची विक्री करणारी साखळी उभी केली. तिचं नाव आर्गोस. २०१६ मध्ये ती विकत घेतली सेन्सबरीजनेच.

दुप्पट फरक

‘आमच्यापेक्षा स्वस्त दिसलं तर फरक देऊ’ ही हमी किराण्यातली नाही. ती जॉन लुईस या मोठ्या कापड-फर्निचरवाल्या दुकानाची, १९२५ पासूनची. किराण्यात तशी हमी देणं अवघड होतं. दुसरीकडच्या हजारो किमती रोज तपासणार कोण? इंटरनेटने ते शक्य केलं. २००६ मध्ये ‘मायसुपरमार्केट’ हे संकेतस्थळ आलं आणि वेगवेगळ्या दुकानांचे भाव एका पडद्यावर दिसू लागले.

२०१० मध्ये ॲस्डाने हमी जाहीर केली आणि २०११ च्या जानेवारीत ती वाढवली : इतरांपेक्षा निदान १० टक्के स्वस्त, नाहीतर फरक परत. हिशेब समजून घेऊ. समजा तुमची टोपली इथे २० पौंडांना पडली आणि तीच दुसरीकडे १९ ला. १९ च्या १० टक्के खाली म्हणजे १७ पौंड १० पेन्स. तुम्ही दिले २०. म्हणजे २ पौंड ९० पेन्सचं कुपन. पण ते आपोआप मिळत नसे. घरी येऊन पावतीवरचा क्रमांक संकेतस्थळावर टाकायचा, तुलना बघायची, कुपन छापायचं आणि मुदतीच्या आत परत त्याच दुकानात जायचं.

टेस्कोने त्याच वर्षी त्यावर कडी केली : फरकाच्या दुप्पट देऊ. याचा परिणाम शाळकरी मुलानेही सांगितला असता. लोकांनी इतरत्र निम्म्या किमतीत असलेल्या वस्तू शोधून त्या मुद्दाम टेस्कोत घेतल्या. फरक जितका मोठा तितकी कमाई मोठी. काही आठवड्यांतच टेस्कोला कुपनावर २० पौंडांची मर्यादा घालावी लागली.

२०११ च्या ऑक्टोबरात सेन्सबरीजने देशभर ‘ब्रँड मॅच’ आणलं. यात कुपन बिलाबरोबरच हातात पडे, पण तुलना फक्त नामांकित कंपन्यांच्या मालाची. २०१३ मध्ये टेस्कोने दुकानाच्या स्वतःच्या छापाचा मालही तुलनेत घेतला, आणि वेगळंच भांडण पेटलं. सेन्सबरीजने जाहिरात नियामकाकडे तक्रार केली : आमचा चहा न्याय्य व्यापाराच्या प्रमाणपत्राचा, आमचं हॅम ब्रिटिश डुकराचं, तुमचं तसं नाही. मग तीच वस्तू कशी? नियामकाने टेस्कोच्या बाजूने कौल दिला. ‘तीच वस्तू’ म्हणजे काय, हा प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा वर येत राहिला.

एक गाजर, एक कांदा

आम्हा विद्यार्थ्यांना या तात्त्विक वादात रस नव्हता. आमचं गणित आठवड्याला २५ पौंडांत भागवायचं. ॲस्डाच्या हमीला पात्र होण्यासाठी निदान आठ वेगवेगळ्या वस्तू लागत. मग पाच वस्तू खऱ्या घ्यायच्या, आणि एक सुटं गाजर, एक कांदा, एक केळं घालून आकडा पुरा करायचा. गल्ल्यावरच्या बाई एकुलतं एक गाजर तराजूवर ठेवत आणि हसू दाबत.

दुसरी युक्ती बिल फोडण्याची. तुलना पूर्ण टोपलीची होई, म्हणजे इथे स्वस्त असलेल्या वस्तू फरक खाऊन टाकत. समजा चहा-बिस्किटं इथे ३ पौंडांनी महाग आणि तांदूळ-तेल ३ पौंडांनी स्वस्त. एकत्र बिल केलं तर फरक शून्य, कुपन शून्य. दोन बिलं केली तर चहा-बिस्किटांवर ३ पौंडांचं कुपन, आणि तांदूळ-तेल स्वस्तातच. आमच्या घरातल्या चौघांचा रविवारी एकत्र किराणा व्हायचा आणि पट्ट्यावर सामानाच्या दोन-तीन राशी दुकानाच्या विभाजकांनी वेगळ्या केलेल्या असायच्या.

या उद्योगाला आठवड्याला साधारण अर्धा तास लागायचा : यादी, भाव बघणं, क्रमांक टाकणं, विद्यापीठाच्या ग्रंथालयात छपाई. हाती यायचे दीड-दोन पौंड. म्हणजे तासाला तीन ते चार. २०१२ च्या ऑक्टोबरपासून ब्रिटनमध्ये प्रौढांचं किमान वेतन तासाला ६ पौंड १९ पेन्स होतं. सुपरमार्केट आम्हाला किमान वेतनाच्या खाली कामाला ठेवत होतं, आणि पगार कुपनात देत होतं. तरी आम्ही ते आनंदाने करायचो, कारण आमचा तो अर्धा तास दुसरीकडे कुणी विकत घेत नव्हतं.

शेजारी एक निवृत्त आजी राहायच्या. आयुष्य कापडगिरणीत गेलेलं. घरात संगणक नव्हता. त्यांच्या पावत्या त्या सिरॅमिकच्या बरणीत साठवत, एकही कुपन न घेता. मी दर आठवड्याला त्यांचे क्रमांक टाकून कुपनं छापून द्यायला लागले. पहिलं कुपन दिलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, “ही डिव्हीच की गं, लव्ह. फक्त मागायला लागते.” मग त्यांनी त्यांच्या आईचा सहकारी दुकानातला क्रमांक म्हणून दाखवला. साठेक वर्षांपूर्वीचा. एकही आकडा न अडखळता.

माझ्या प्रबंधाच्या टिपणांत मी त्या रात्री एवढंच लिहिलं : डिव्ही सगळ्या सभासदांना मिळत होती, कुपन फक्त मागणाऱ्याला मिळतं.

पहारा कुणाचा?

उरलेलं अर्धं उत्तर इथे आहे. फळीवरची किंमत उतरवली तर ती सगळ्यांसाठी उतरते : घाईतल्या नोकरदाराला, लहान मूल कडेवर घेतलेल्या आईला, संगणक नसलेल्या आजींना. कुपन फक्त ज्याच्याकडे वेळ, छपाईयंत्र आणि चिकाटी आहे त्याला जातं. बाकीचे पूर्ण किंमत देत राहतात. शिवाय कुपन खर्चायला त्याच दुकानात परत यावं लागतं. दुकानाच्या दृष्टीने हा स्वस्तातला सौदा.

याहून बारीक मुद्दा स्टीव्हन सॅलप या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९८६ मध्ये मांडला. समजा तुम्ही दुकानदार आहात आणि शेजाऱ्याने जाहीर केलंय की कुणाचीही कमी किंमत मी जुळवीन. आता तुम्ही किंमत उतरवून काय मिळवाल? त्याचं गिऱ्हाईक तुमच्याकडे येणारच नाही, फक्त तुमचा नफा घटेल. मग तुम्हीही उतरवत नाही. ग्राहकाला ढाल वाटणारी हमी दुकानदारांमधला अलिखित तह ठरू शकते. आणि तो पाळला जातोय का यावर पहारा कुणाचा? पावत्या तपासणाऱ्या ग्राहकांचा, बिनपगारी. प्रत्येक बाजारात असंच घडतं असं नाही. पण ब्रिटनमध्ये चार मोठ्या साखळ्या एकमेकांचे भाव जुळवत असताना त्यांना खरा धक्का बसला तो ज्यांनी कधी कुपन छापलं नाही त्यांच्याकडून.

जर्मनीच्या आल्डीने ब्रिटनमधलं पहिलं दुकान १९९० मध्ये बर्मिंगहॅमला उघडलं होतं, लिडल १९९४ मध्ये आलं. मोजका माल, बहुतेक स्वतःच्या छापाचा, खोक्यातच मांडलेला. ना तिकिटं, ना कार्ड, ना चिठ्ठी. नामांकित मालच कमी, त्यामुळे ‘ब्रँड मॅच’मध्ये त्यांची तुलनाही होत नसे. २०१४ मध्ये मॉरिसन्सने हिंमत करून या दोघांचेही भाव जुळवायची योजना काढली. वर्षभरात ती गुंडाळली. सेन्सबरीजने ‘ब्रँड मॅच’ २०१६ च्या एप्रिलमध्ये थांबवलं आणि पैसा सरळ किमतींवर घालू म्हणून सांगितलं. २०१८ मध्ये टेस्को आणि ॲस्डानेही आपापल्या हमी बंद केल्या. २०२२ च्या सप्टेंबरात आल्डी मॉरिसन्सला मागे टाकून देशातलं चौथ्या क्रमांकाचं सुपरमार्केट झालं.

आता कार्ड दाखवा

चिठ्ठ्या गेल्या, पण अट गेली नाही. २०२० पासून टेस्कोत, पुढच्या वर्षी सेन्सबरीजमध्ये काही निवडक वस्तूंवर ‘आल्डीच्या भावात’ अशी पाटी लागली. हे बरं, फळीवरच किंमत दिसते, मागावं लागत नाही. पण ‘तीच वस्तू’चा जुना प्रश्न इथेही आहेच. २०२४ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने दाखवलं की जुळवलेल्या काही वस्तूंत मुख्य घटकाचं प्रमाण आल्डीच्या वस्तूपेक्षा कमी आहे.

दुसरीकडे कार्ड आलं. टेस्कोचं क्लबकार्ड १९९५ पासूनचं, पण २०१९ पासून एकाच वस्तूला दोन किमती दिसू लागल्या : कार्डवाल्याला एक, बाकीच्यांना दुसरी. २०२३ मध्ये सेन्सबरीजनेही तेच केलं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ब्रिटनमधली खाद्यपदार्थांची महागाई वर्षाला १९ टक्क्यांच्या वर गेली होती, तेव्हा कार्ड नसणं परवडणारं नव्हतं. आधी ‘महाग’ किंमत फुगवून मग सूट दाखवतात की काय, अशी शंका सगळ्यांनाच होती. तिथल्या स्पर्धा नियामकाने सुमारे ५०,००० वस्तू तपासल्या आणि २०२४ च्या नोव्हेंबरात निष्कर्ष दिला : ९२ टक्के वस्तूंवरची सूट खरी होती.

सूट खरी, हे मान्य. पूर्वी आम्ही अर्धा तास देत होतो, आता ग्राहक आपल्या खरेदीचा पूर्ण माग देतो. आणि आमच्या आजींसारखी, फोनवर ॲप न घेतलेली माणसं आजही त्याच पाटीवरची मोठी किंमत देतात.

ही गोष्ट फक्त तिकडची नाही. तुमच्या फोनवर आत्ता ‘पुढच्या ऑर्डरवर ५० रुपये सूट, तीन दिवसांत वापरा’ असा संदेश आला असेल तर तो टोड लेनचा दूरचा वंशज आहे. फक्त वाटेत मालकी गळून पडली. तिची आठवण आपल्याकडे जिवंत आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे सभासद शेजाऱ्यापाजाऱ्यांचा गट करतात, महिन्याची यादी आधी देतात, माल घाऊक येतो आणि गटातलेच लोक तो वाटून घेतात. कामातून सुटका तिथेही नाही. पोती उतरतात, हिशेब ठेवावे लागतात. पण त्या कामाचा फायदा गटातल्या सगळ्यांना सारखा मिळतो, मागणाऱ्यालाही आणि न मागणाऱ्यालाही.

मी कुपनांच्या विरोधात नाही. हातात आलं की आजही वापरते. हक्काचे पैसे सोडायचे कशाला? फक्त वापरण्याआधी तीन गोष्टी बघते. हे मिळवायला माझा किती वेळ गेला. ते खर्चायला मला नको असलेलं काय घ्यावं लागणार. आणि जे मी वाचवतेय ते माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या, ॲप नसलेल्या माणसाच्या बिलातून तर येत नाही ना. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गणिताने मिळतात. तिसऱ्याचं उत्तर मिळालं तरी कुपन टाकून देण्याची गरज नाही. त्या माणसाला आपला क्रमांक वापरू द्यावा.